साहेबांसाठी ठेवलेला दगड

संपादकांचं पत्र आलं, ‘तुम्ही जन्मभर बांधकामावर होतात, सरकारी कामं का रखडतात ते आमच्या दिवाळी अंकाच्या वाचकांना सोपं करून सांगा.’ पत्र आलं आषाढात, लेख हवा होता भाद्रपदात आणि मी लिहायला बसलो आहे घटस्थापनेला. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांनी माणूस तरी बरोबर निवडला.

निजामाच्या राज्यात मी बांधकामाच्या सरकारी खात्यात सब-ओव्हरसियर होतो. लोक ‘वरशेर’ म्हणत. नकाशा घेऊन कामावर उभं राहायचं, मापं घ्यायची, गवंड्याशी भांडायचं आणि दर तिमाहीला एक तक्ता भरून वर पाठवायचा. तक्ता उर्दूत. त्याचं शेवटचं घर ‘सबबे ताखीर’, म्हणजे उशिराचं कारण. हे घर जेमतेम दोन बोटं रुंद होतं, त्यामुळं त्यात मावतील अशी कारणं ठरून गेली होती. सामान आलं नाही. मजूर सुगीला गेले. गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, काम टाकून गेला. नकाशा बदलला. मंजुरी आली नाही. आणि पाऊस. या सगळ्यांत पाऊस फार सोयीचा. त्याच्याकडून खुलासा मागवता येत नाही.

ही कारणं खोटी असत असं नाही. वाशीकडच्या एका शाळेच्या खोलीला छताचे खिळे हवे होते. मागणी तीनदा गेली. सात महिन्यांनी पेटी आली, ती उघडली तर आत घोड्याच्या नालाचे खिळे. परत पाठवावे तर ‘मिळाले’ म्हणून आमची सही होऊन गेलेली. मास्तरांनी आणखी एक उन्हाळा लिंबाखाली शाळा भरवली. मला म्हणाले, “वरशेर, आता शाळेला एक घोडा तेवढा मंजूर करून आणा.”

पण याच खात्यानं, याच सामानात, याच गवंड्यांकडून, सडकेच्या कडेला साहेबलोकांसाठी मुसाफिर बंगला चार महिन्यांत उभा केलेला मी पाहिला आहे. का, तर शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता. तिथं खिळे वेळेवर आले. मजूर सुगीला गेले नाहीत. पाऊससुद्धा बेतानं पडला. तेव्हापासून तक्त्याच्या त्या शेवटच्या घरावरचा माझा विश्वास उडाला. पण घर मी भरत राहिलो. तेवढ्यासाठीच पगार होता.

आता एका पुलाविषयी. त्याच्याविषयी मी आजवर कुठं लिहिलं नाही. जे लिहिलं ते तक्त्यात लिहिलं, आणि ते काय होतं ते शेवटी सांगतो.

उमरग्याच्या दक्षिणेला, कानडी बोली सुरू होते तिथं, एक नदी आहे. आठ महिने तिच्यातून शेळ्या जातात आणि चार महिने हत्ती जाणार नाही. अल्याड सडक, पल्याड गाव. पावसाळ्यात गाव तुटायचं. बाजार नाही, दवाखाना नाही, लेकीबाळींचं येणंजाणं नाही. कित्येक वर्षांच्या अर्जांनंतर तीन कमानींचा दगडी पूल मंजूर झाला, आणि मंजूर झाला तो नेमका लढाईच्या दिवसांत. सिमेंट, लोखंड आणि चांगलं लाकूड लढाईवर गेलं होतं. आम्ही तेवढे मागं उरलो होतो.

सिमेंट नव्हतं त्याचं काही अडलं नाही. चुन्याची घाणी बसवली. गोल चरात दगडी चाक, चाकाला बैल. चुना, वाळू आणि विटांचा भुगा दिवसभर मळत राहायचा. वडारांनी काळा दगड फोडला. गवंडी होते इमामभाई. साठीचा माणूस, एक डोळा छिन्नीच्या कपचीनं अधू झालेला. म्हणायचे, “ओळंबा देखने कू एकीच आँख लगती साब, दूसरी फुकट की है.”

अडलं ते लाकडासाठी. कमान कशी बांधतात हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी खाली लाकडाचा अर्धगोल साचा उभा करतात. त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे घडवलेले दगड चढवत आणतात. अगदी वर, मधोमध, शेवटचा दगड बसतो. तो कळीचा दगड. तो बसेपर्यंत कमान ही कमान नसते, लाकडावर झोपलेली दगडांची रास असते. तो बसला आणि चुना धरला, की साचा काढून घेतात आणि दगड एकमेकांना रेटून उभे राहतात. प्रत्येकानं आपला भार शेजाऱ्यावर ढकलायचा, हेच त्यातलं तत्त्व. सरकारी खातंही याच तत्त्वावर उभं असतं. फरक इतकाच, की कमानीत ढकललेला भार शेवटी जमिनीपर्यंत पोचतो.

तर साच्याला लाकूड नव्हतं. दोन कडेच्या कमानी लहान होत्या, त्या बाभळीच्या वाकड्यातिकड्या सोटांवर निभावल्या. मधली मोठी. तिला लांब, सरळ तुळया हव्या होत्या. आणि तशा सात तुळया त्या गावात एकाच घरी होत्या.

घर गुरव्वाचं. लिंगायत बाई, पन्नाशीची, विधवा, पोटी कोणी नाही. तिच्या दोन खणांच्या घराचं माळवद, म्हणजे लाकडावर माती घातलेलं छत, वाळवीनं खाल्लं होतं. नवऱ्यानं जिवंतपणी बांधावरचे लिंब तोडून, तासून, दोन वर्षं सावलीत वाळवून नव्या तुळया करून ठेवल्या होत्या. मग एका श्रावणात त्याला ताप भरला. नदी तीन दिवस उतरली नाही. चौथ्या दिवशी उतरली, तेव्हा दवाखान्याची गरज उरली नव्हती. त्या उन्हाळ्यात गुरव्वानं जुनं माळवद उतरवलं होतं आणि सुतार मिळण्याची वाट बघत ती गोठ्यात राहत होती.

मी तिच्या दाराशी गेलो. मी अणदूरचा, मला दोन-चार कानडी शब्द येत होते, ते खर्च केले. तिनं ऐकून घेतलं.

“लाकडं कशाला पायजेत, तम्मा?” तिकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. माझ्या डोक्यावरच्या सरकारी टोपीचा तिच्यावर काही परिणाम झाला नव्हता.

“कमान उभी करायला. दीड महिन्याचं काम. मग तुमच्या तुळया तुमच्या दारात आणून टाकतो.”

“दीड म्हैना कुणाचा? तुझा का सरकारचा?”

“माझा.”

“मिरगाच्या आत दे बाबा. मिरग लागला की माझ्या डोस्क्यावर आभाळ हाय नुसतं.”

“मृगाच्या आत देतो, गुरव्वा. माझा शब्द.”

तिनं आत जाऊन भस्म आणलं, सातही तुळयांना तीन-तीन बोटं ओढली आणि म्हणाली, “जावा. त्येला ज्या नदीनं अडवलं तिच्यावर हुबं राहा.” हे ती तुळयांना म्हणाली, मला नव्हे.

चैत्र संपता संपता मधली कमान दोन्ही बाजूंनी चढत आली. मध्ये एका दगडाची फट राहिली. इमामभाईंनी कळीचा दगड घडवून तयार ठेवला होता. उद्या तो बसला असता. पंधरा-वीस दिवसांत चुना धरला असता. वैशाखात तुळया गुरव्वाच्या दारात आणि मृगाला अजून अवकाश.

दुसऱ्या दिवशी आमचे मोहतमीमसाहेब, म्हणजे माझ्या वरचे इंजिनिअर, टांग्यातून उतरले. फारच खुशीत होते. म्हणाले, “काम रोक दो. आखरी पत्थर बडेसाहेब रखेंगे.”

हे बडेसाहेब बरेच वरचे होते. त्यांचा हुद्दा लिहीत नाही. एका ओळीत मावत नव्हता. दौऱ्यावर निघाले होते, पंधरा दिवसांत इकडून जाणार होते. पायाचा दगड कोणाच्या हातून बसवायचा राहून गेला होता, म्हणून आता शेवटचा.

त्या दिवसापासून पुलाचं काम थांबलं आणि पुलाच्या समारंभाचं सुरू झालं. नदीपर्यंतच्या वाटेवर दोन्हीकडं दगड मांडून त्यांना चुना फासला. हा चुना आमच्या घाणीतला. अल्याड एक राहुटी उभी राहिली. कळीच्या दगडाला हिरवी मखमल शिवली, तो राहुटीत ठेवला, त्याच्यावर चपराशी बसवला. सोलापूरहून चांदीची थापी आली. शहाबादी फरशीवर बडेसाहेबांचं नाव आणि तारीख कोरून झाली. शिवाय केळीच्या खुंटांची स्वागताची कमान उभारली. ती एका सकाळीत पुरी झाली आणि तिला कळीच्या दगडाची गरज पडली नाही.

पंधरा दिवस झाले. दौरा पुढं गेला. फरशीवरची तारीख खोडून नवी कोरली. पुन्हा दौरा पुढं गेला. फरशीचा तेवढा भाग खोलगट दिसू लागला. तिसऱ्या वेळी तारखेची जागा कोरीच ठेवा असा हुकूम आला. मला तो पहिला शहाणपणाचा हुकूम वाटला.

गुरव्वा दर दोन दिवसांनी पल्याडच्या काठाला येऊन बसायची. तुळया मोजायची. एकदा नदीचं कोरडं पात्र ओलांडून वर आली.

“तम्मा, माझी लाकडं कवा उतरवतोस?”

“साहेब आले की लगेच. एकच दगड राहिलाय, गुरव्वा.”

“मग बशीव की. दगड काय नवरदेव हाय घोड्यावर बसाय? ह्या एवढ्याला साहेब कशाला? गवंडी मेला का तुझा?”

इमामभाई घाणीपाशी बिडी ओढत होते. म्हणाले, “मैं जिंदा हूँ अम्मा. मगर मेरे नाम की फरशी नै बनती ना.”

“मंग साहेबाला म्हणावं, देवळाचा कळस चढवाय ये, आमच्यात त्याचा मान असतोय. पुलाला कळस नसतोय. पुलाला माणसं असतेत.” आणि मला म्हणाली, “रोहिणी लागली, ध्यानात हाय ना?”

“आहे.”

“दिसाय न्हाय लागलं तसं.”

त्या संध्याकाळी इमामभाईंनी मला बाजूला घेतलं. “साब, कमान आधी सांस लेको खडी है. कित्ते दिन खडी रहेगी? मैं दूसरा पत्थर घड देता हूँ. कल डाल देते. बडेसाब आए तो मखमलवाला उप्पर रख देंगे. उनकू क्या मालूम कौनसा कमान का है और कौनसा शान का.”

हे अगदी करण्यासारखं होतं. साध्या दगडावर कमान पक्की झाली असती, साहेबांचा दगड वर कठड्यात बसला असता आणि चांदीच्या थापीला दोन्हींतला फरक कळला नसता. कुठल्याही शहाण्या माणसानं मान हलवली असती. मी काय केलं? मी लेखी परवानगी मागितली.

बांधकामाच्या नोकरीत याहून मोठी चूक नाही. जे काम परवानगीशिवाय होऊ शकतं त्याला परवानगी मागितली की ते कायमचं अडतं. कारण वरचा माणूस ‘हो’ म्हणाला तर जबाबदार, ‘नाही’ म्हणाला तर सुरक्षित. मोहतमीमसाहेबांनी उत्तर लेखी दिलं नाही. ते अनुभवी होते. समक्ष येऊन म्हणाले, “इतने दिन रुके हो, चार दिन और रुकने में क्या जाता है तुम्हारा?”

माझं खरंच काही जात नव्हतं. मी मान खाली घातली. बढतीच्या यादीत माझं नाव होतं, हेही लिहून टाकतो. इतकी वर्षं ते मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मृग लागला. दोन दिवस नुसतं आभाळ भरून येई आणि विरे. दुसऱ्या दिवशी दुपारी पात्रातून बोटभर गढूळ पाणी वाहायला लागलं. इमामभाई पाण्यात उतरले, ओंजळीत घेतलं, वास घेतला आणि वर आले.

“उप्पर पडा है. आज का आज डाल दो पत्थर, साब. चूना कच्चा रहेगा तो रहेगा, पत्थर पत्थर कू पकड लेगा. नै तो कमान आप की नै, मेरी नै.”

मी राहुटीकडं पाहिलं. चपराशी मखमलीवरची धूळ झटकत होता. आणि तेवढ्यात उमरग्याहून स्वार आला, हातात लिफाफा. बडेसाहेब परवा सकाळी नक्की.

मी म्हणालो, “इमामभाई, दोनच दिवस.”

ते माझ्याकडं एका डोळ्यानं बघत राहिले. मग थापी धुऊन पुसून पिशवीत ठेवली. काम संपल्यावर ठेवतात तशी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लख्ख उन्हात, पाणी आलं. आमच्याकडं थेंब नव्हता. वर पडला होता. आधी आवाज आला, मग पाणी दिसलं, तांबडं, पुढं काटक्याकुटक्यांचा बांध लोटत. साच्याचे पाय गेले. तुळया एकेक सुटून वर आल्या. लांबून मला त्यांच्यावरचे पांढरे पट्टे दिसल्यासारखे वाटले. दोन महिन्यांनी ते दिसणं शक्य नव्हतं. मग दगड खाली बसायला लागले, घाई न करता, चढवले होते त्याच्या उलट क्रमानं. कडेच्या दोन्ही कमानी उभ्या राहिल्या. त्या पुऱ्या झालेल्या होत्या.

पल्याडच्या काठावर गुरव्वा उभी होती. मध्ये नदी होती, म्हणून मला तिच्याशी बोलावं लागलं नाही. नदीचा तेवढा एक उपकार.

दौरा रद्द झाला. नदीला पाणी आल्यामुळं, असं पत्रात होतं.

पाणी उतरल्यावर इमामभाई घाणीचे बैल घेऊन खाली दोन कोस गेले आणि बाभळीत अडकलेली एक तुळई ओढून आणली. सातांतली एक. ती गुरव्वाच्या दारात टाकली आणि माझा निरोपही न घेता गेले. पुढं ते माझ्या कुठल्या कामावर आले नाहीत.

मग वरून हुकूम आला. नुकसानीचा पंचनामा करा, गावच्या पाच आसामींचे अंगठे घ्या, त्यात लाकूड देणारी हवीच. तक्त्याचं शेवटचं घरही भरा. काय भरायचं ते मोहतमीमसाहेबांनी तोंडी सांगितलं होतं. पंचनाम्यात मी तेच सविस्तर लिहिलं. पाटलानं अंगठा दिला. आणखी तिघांनी दिले. पाचवा राहिला.

मी गुरव्वाकडं गेलो. गोठ्यावर तिनं कडब्याचं छप्पर केलं होतं. ते गळत होतं. भांडी मांडून ठेवली होती. दोन खणांच्या उघड्या भिंती पावसानं पाझरून खाली बसत चालल्या होत्या. दाराबाहेर ती एकटी तुळई आडवी पडली होती. एका तुळईवर घर होत नाही, म्हणून तिनं तिचा बसायचा ओटा केला होता.

“बस,” ती म्हणाली.

मी तुळईवर बसलो.

“माझी चूक झाली, गुरव्वा.”

“कागद कसला हाय?”

“पंचनामा. तुमचा अंगठा लागतो.”

“काय लिवलंस, वाच.”

पंचनामा उर्दूत होता. काहीतरी गोड करून सांगता आलं असतं. का कोण जाणे, मी शब्दाला शब्द सांगितला. ‘काम वेळेत पूर्ण होत आले असता पाऊस अवेळी आल्याने...’

“थांब. पाऊस कसा आला?”

“अवेळी.”

“मिरग कवा लागला?”

“लागला होता. तीन दिवस झाले होते.”

“मंग अवेळी कोण आलं?”

तिनं कडब्यातून गळणाऱ्या पाण्याखालचं भांडं उचललं, रितं केलं, पुन्हा जागेवर ठेवलं.

“ह्या समद्या कामात टायमावर आला तो मिरग एकटा,” ती म्हणाली. “त्येलाच लबाड ठरवतुस व्हय रे? तुझा साहेब आज हाय, उद्या बदलून जाईल. तूबी जाशील. मला वरीसभर त्या मिरगावर जगायचं हाय, तम्मा. त्येच्या इरोधात माझा अंगठा न्हाय मिळायचा.”

“अंगठा नसला तर कागद पुढं जाणार नाही.”

“मंग तू कर सही. तुला कुठं त्याच्यावर जगायचं हाय?”

ती आत गेली. पाचव्या आसामीच्या जागी मी ‘गैरहजर’ लिहिलं. खाली सही करायची होती, कागद टेकवायला काही नव्हतं. तो तुळईवर ठेवला आणि केली.